आयर्न शेफ: जपानी मुदपाकखाना अमेरिकेला गेला त्याची गोष्ट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरात कुणी 'आयर्न शेफ' हा आचाऱ्यांच्या झुंजीचा टीव्ही कार्यक्रम लावला की पहिली दहा मिनिटं प्रश्नांतच जातात. हा झगमगता अंगरखा घातलेला माणूस कोण? वांग्याकडे बघून एवढा का ओरडतोय? मूळ जपानी बरा की अमेरिकी? तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. मधूनच कुठूनही वाचलंत तरी चालेल.

मूळ कार्यक्रम कोणता आणि त्याचा रिमेक कोणता?

मूळ कार्यक्रम 'र्योरी नो तेत्सुजिन'. जपानच्या फुजी टीव्हीवर १० ऑक्टोबर १९९३ रोजी तो सुरू झाला आणि २४ सप्टेंबर १९९९ रोजी नियमित प्रक्षेपण संपलं. त्याचा सर्वांत गाजलेला रिमेक म्हणजे 'आयर्न शेफ अमेरिका'. तो फूड नेटवर्क या वाहिनीवर जानेवारी २००५ मध्ये मालिका म्हणून सुरू झाला. त्याआधी अमेरिकेत एक प्रयत्न होऊन फसला होता, त्याबद्दल पुढे येईलच.

'तेत्सुजिन' म्हणजे काय?

'तेत्सु' म्हणजे लोखंड, 'जिन' म्हणजे माणूस. शब्दशः लोहपुरुष. आपल्याकडे हे बिरूद सरदार पटेलांनी कायमचं राखून ठेवलंय, त्यामुळे 'पाककलेचे लोहपुरुष' म्हटलं की डोळ्यांसमोर भलतंच चित्र येतं. 'लोखंडी आचारी' म्हणावं तर तवा आठवतो. म्हणून इथे सरळ आयर्न शेफच म्हणू या.

सामना चालतो कसा?

कुस्तीचं मैदान पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मैदान कार्यक्रमाचं, ठरलेले मल्ल कार्यक्रमाचे, आणि बाहेरून एक आव्हानवीर येतो. समोर उभ्या असलेल्या आयर्न शेफपैकी एकाकडे बोट दाखवून तो जोड लावतो. मग झाकण उचललं जातं आणि त्या दिवसाचा घटक दिसतो. कधी खेकडा, कधी मुळा, कधी अंडी. तासाभरात दोघांनी त्या एकाच घटकाभोवती अनेक पदार्थ करायचे. प्रत्येकाच्या हाताखाली दोन मदतनीस. परीक्षक खातात, गुण देतात, निकाल लागतो. बरोबरी सुटली नाही तर जपानी कार्यक्रमात नवा घटक घेऊन तीस मिनिटांचा जादा डाव व्हायचा.

नियम एवढेच. हे कुणालाही सुचलं असतं. जपान्यांनी त्यावर जो मुलामा चढवला तो मात्र कुणालाही सुचला नसता.

मुलामा म्हणजे?

एक कपोलकल्पित गोष्ट. कागा नावाचा एक गडगंज श्रीमंत आणि चक्रम खवय्या आहे. जगात कुणी चाखली नाही अशी चव चाखायची त्याला ओढ आहे. त्यासाठी त्यानं आपल्या वाड्यात 'किचन स्टेडियम' बांधलं आणि देशातले सर्वश्रेष्ठ आचारी पदरी ठेवले. आयर्न शेफ जमिनीखालून उचलल्यासारखे धुरातून वर येतात. मागे हान्स झिमरचं 'बॅकड्राफ्ट' या चित्रपटासाठीचं संगीत वाजतं. आणि या सगळ्यात एकही जण, एकदाही, 'आम्ही गंमत करतोय बरं का' अशा नजरेनं कॅमेऱ्याकडे बघत नाही.

माझ्या मते हेच या कार्यक्रमाचं मर्म. संगीत नाटकात राजा भर युद्धात थांबून पंधरा मिनिटं गातो, आणि आपण वन्स मोअर देतो. का? कारण गाणारा त्यात पूर्ण बुडालेला असतो. तो जर मध्येच हसला, तर नाटक तिथेच पडतं. रिमेक कुठला जमला आणि कुठला पडला, हे बघताना मी हीच एक कसोटी लावतो.

तो कागा खरा कोण? आणि कच्ची ढोबळी मिरची का चावतो?

ताकेशी कागा हा जपानच्या संगीत रंगभूमीवरचा बडा नट. 'ले मिझराब्ल'च्या जपानी प्रयोगात त्यानं नायक ज्याँ व्हाल्ज्याँ साकारला होता. म्हणजे वाहिनीनं निवेदक शोधला नाही, नट शोधला, आणि त्याला भूमिका दिली. भरजरी अंगरखे, हातमोजे, एकेक शब्द चघळत बोलणं, आणि सुरुवातीला पिवळीधमक ढोबळी मिरची कचकन चावून ओठाच्या कोपऱ्यातून येणारं ते हसू. मिरचीमागे कसलाही गूढार्थ नाही. पण तो चावा एकदा पाहिला की कार्यक्रम कायमचा लक्षात राहतो, तेव्हा काम झालं. 'आलेझ क्विझीन!' ही त्याची सामना सुरू करण्याची आरोळी. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये 'चला, रांधायला लागा' असं काहीसं. ती अमेरिकेनंही जशीच्या तशी ठेवली.

जपानी आयर्न शेफ कोण कोण होते?

एकूण सात. जपानी पाककलेचे तीन, फ्रेंचचे दोन, चिनी आणि इटालियनचा प्रत्येकी एक.

रोकुसाबुरो मिचिबा हे पहिले. वयानं ज्येष्ठ. घड्याळ सुरू झालं की सगळे धावायचे आणि हे गृहस्थ शांतपणे कुंचला घेऊन कागदावर आजचे पदार्थ लिहायचे. मग कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचा कीस, सढळ हातानं टाकून 'इनोची नो दाशी' उकळायचे. याचा अर्थ प्राणाचं सार. हा त्यांचा हुकमी एक्का. आपल्याकडे एखाद्या आजीचा गोडा मसाला असतो ना, तसा. त्यांच्यानंतर कोमेई नाकामुरा आले आणि मग मासाहारू मोरिमोतो.

फ्रेंच बाजू सुरुवातीला युताका इशिनाबे यांनी सांभाळली, मग हिरोयुकी साकाई यांनी. साकाईंचं ताट बघत राहावं असं. कार्यक्रमाच्या अखेरीस आयर्न शेफांची आपापसात स्पर्धा झाली, ती साकाईंनी जिंकली आणि मग पॅरिसच्या आलँ पासारलाही हरवलं. तीन मिशलिन तारे, म्हणजे उपाहारगृहांच्या जगातला सर्वोच्च मान, असलेला माणूस. इटालियन बाजूला तरुण मासाहिको कोबे होते.

आणि चेन केनिची. पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकलेले हे एकटेच. यांची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. त्यांचे वडील चेन केनमिन मूळचे चीनच्या सिचुआन प्रांतातले. जपानला येऊन त्यांनी १९५८ मध्ये तोक्योत 'शिसेन हान्तेन' हे उपाहारगृह काढलं. सिचुआनचं झणझणीत जेवण जपान्यांच्या जिभेला सोसणार नाही हे ओळखून त्यांनी त्यात फेरफार केले. मापो तोफू या सोयापनीरच्या पदार्थाचा तिखटपणा उतरवला, कोळंबीच्या तिखट रश्श्यात टोमॅटो केचप घातलं. आज जपानमधली घरंदारं हे पदार्थ आपलेच समजून खातात. म्हणजे ज्या कार्यक्रमाचा पुढे अमेरिकेत रिमेक झाला, त्याच्या सर्वांत लाडक्या शेफचं घराणंच मुळी 'रिमेक'वर उभं होतं. केनिची २०२३ च्या मार्चमध्ये गेले, वय ६७.

आयर्न शेफना कुणी गृहिणी हरवू शकली का?

'गृहिणी' म्हटलेलं तिला आवडलं नसतं. कात्सुयो कोबायाशी या घरगुती स्वयंपाकाच्या नामवंत लेखिका. १९९४ मध्ये त्यांनी चेन केनिची यांना बटाट्याच्या सामन्यात हरवलं. पण सगळ्या गृहिणींची प्रतिनिधी म्हणून आपल्याला उभं करणं त्यांना पसंत नव्हतं. घरगुती स्वयंपाक हाच माझा व्यवसाय आणि त्यात मी तरबेज आहे, अशी त्यांची भूमिका. हॉटेलातला आचारी तेवढा 'शेफ' आणि घरची ती 'सुगरण', ही वाटणी आपल्याकडेही कुठे संपलीय!

एवढा खर्च कोण करायचा?

वाहिनी. जपान तेजीतून नुकता उतरत होता, पण दूरचित्रवाणीवर ती ऐट शिल्लक होती. सगळ्या भागांत मिळून किराण्याचंच बिल ८४ कोटी येनच्या वर गेलं. नुसत्या फ्वा ग्राचे, म्हणजे बदकाच्या पोसलेल्या यकृताचे, ८९३ नग लागले. ज्या घरात कोथिंबिरीच्या काड्याही वरणात जातात, तिथे हा आकडा मोठ्यानं वाचू नये.

अमेरिकेत हा पोहोचला कसा?

आधी तिकडच्या जपानी भाषक वाहिन्यांवरून, उपशीर्षकांसह. जपानीचं एक अक्षर न कळणारे लोकही रात्री जागून बघायला लागले. मग १९९९ मध्ये फूड नेटवर्कनं तो इंग्रजी आवाज चढवून दाखवायला सुरुवात केली. कागाचा आवाज मात्र बहुतेक तसाच ठेवून खाली उपशीर्षकं दिली. शहाणपणाचा निर्णय. त्या माणसाचं भाषांतर होतच नाही.

आवाज चढवल्यामुळे एक वेगळीच मजा तयार झाली. तळावर धावपळ करणारा वार्ताहर शिनिचिरो ओता 'फुकुई-सान!' म्हणून हाक मारतो, समालोचक केंजी फुकुई त्याला बोलू देतात, शेजारी बसलेले युकिओ हात्तोरी, जे खरोखर एका पाकशास्त्र महाविद्यालयाचे प्रमुख होते, ते माशाच्या पित्ताशयाबद्दल ज्ञान देतात. परीक्षकांत एखादी नटी खिदळत असते, आणि शेजारी समीक्षक असाको किशी अत्यंत अदबीनं 'ओइशू गोझाइमासु' म्हणतात. म्हणजे 'रुचकर आहे हो'. अमेरिकी प्रेक्षकांना कळेना की हे गंभीर आहे की विनोदी. दोन्ही आहे, हे कळायला थोडे भाग जावे लागतात.

तो पाटावर उभा राहिलेला अमेरिकी कोण? ते प्रकरण काय होतं?

बॉबी फ्ले. न्यूयॉर्कचा शेफ. २००० साली जपानी चमू न्यूयॉर्कला येऊन वेब्स्टर हॉलमध्ये खास सामना करून गेला. मोरिमोतो विरुद्ध फ्ले, घटक खेकडा. पायाखाली पाणी साचलेलं, त्यातून फ्लेला विजेचा झटका बसला, बोटही कापलं. तरी गडी शेवटपर्यंत लढला आणि वेळ संपताच आनंदाच्या भरात चिरायच्या पाटावरच चढून हात उंचावले.

मोरिमोतो खवळला. सुरी आणि पाट म्हणजे आचाऱ्याची दैवतं, त्यावर पाय ठेवणारा शेफ नव्हेच, असं तो म्हणाला. खंडेनवमीला आपल्याकडे सुतार करवतीची, शिंपी मशीनची पूजा करतो. त्या पूजेवर कुणी बूट घालून उभं राहिलं तर काय वाटेल? मोरिमोतोचा राग आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी तोच जिंकला.

पुढच्या वर्षी तोक्योत परतफेडीचा सामना झाला, घटक जपानी शेवंड. या वेळी फ्ले जिंकला. आणि सामना संपताना तो पुन्हा ओट्यावर चढलाच, फक्त आधी पाट उचलून बाजूला भिरकावला. सुधारणा म्हणावी की आणखी आगाऊपणा, यावर अजून एकमत नाही. मला विचाराल तर, या दोन सामन्यांनीच अमेरिकी रिमेकला जन्म दिला. दोन स्वयंपाकघरांच्या दोन धर्मांची टक्कर कॅमेऱ्यापुढे खरोखर झाली होती.

पहिला अमेरिकी प्रयत्न फसला तो का?

'आयर्न शेफ यूएसए', यूपीएन वाहिनी, २००१. दोन भागांत गाशा गुंडाळला. मंच लास वेगासचा, आणि कागाच्या जागी विल्यम शॅटनर, 'स्टार ट्रेक'मधला कॅप्टन कर्क. शेफ चांगले होते, त्यांना बोल लावता येणार नाही. पण वाहिनीला वाटलं की हा मुळात कुस्तीच्या तमाशासारखा काहीतरी गोंगाटी प्रकार आहे, तर गोंगाट वाढवा. शॅटनर प्रेक्षकांना डोळा मारत खेळला आणि पदार्थ समजावून सांगणारं कुणी उरलं नाही. जपानी कार्यक्रम हसू येईल इतका गंभीर होता. याला गंभीर होताच आलं नाही, आणि मग हसूही आलं नाही.

मग २००५ चा कसा जमला?

आधी २००४ मध्ये चाचणी म्हणून काही भागांची 'बॅटल ऑफ द मास्टर्स' ही मालिका झाली. जपानकडून साकाई आणि मोरिमोतो, अमेरिकेकडून फ्ले, मारिओ बताली आणि वुल्फगँग पक. त्यातला एक सामना ट्राउट माशावर होता. साकाईंनी ट्राउटचं आइस्क्रीम केलं. होय, माशाचं. साकाई हरले, पण लोकांच्या लक्षात आइस्क्रीमच राहिलं. नियमित मालिका सुरू झाली तेव्हा फ्ले, बताली आणि मोरिमोतो असं त्रिकूट ठरलं.

तीन गोष्टी नीट जमल्या. पहिली, ती कपोलकल्पित गोष्ट त्यांनी टाकली नाही, पुढे नेली. अमेरिकेचा 'चेअरमन' हा जपानी चेअरमनचा, म्हणजे कागाचा, पुतण्या! भूमिका केली मार्क डकॅस्कोस यानं, हवाईत जन्मलेला नट आणि युद्धकलांमधला निष्णात. तो कागाची नक्कल करत नाही. हवेत हातपाय फिरवून, भुवया ताणून 'आलेझ क्विझीन' ओरडतो आणि अगदी मनापासून ओरडतो. काकाची गादी पुतण्याकडे जाणं महाराष्ट्राला काही नवीन नाही, त्यामुळे हा भाग आपल्या पचनी लगेच पडतो.

दुसरी गोष्ट आल्टन ब्राउन. जपानमध्ये फुकुई आणि हात्तोरी अशी जोडी जे काम करायची, ते हा एकटा करतो. धावतं वर्णनही त्याचंच आणि 'हा मासा असा का शिजतो' हे शास्त्रही त्याचंच. सूत्रधार आणि विदूषक एकाच अंगरख्यात. समोर चाललेलं बघत बघत तो उत्स्फूर्त बोलतो. खाली वार्ताहर म्हणून केविन ब्राउख.

तिसरी गोष्ट मोरिमोतो स्वतः. मूळ घरातला माणूस नव्या घरात राहायला आला, तेव्हा नव्या घराला जुन्याची सावली मिळाली.

काय हरवलं?

संथपणा. जपानी भागात कॅमेरा एखाद्या हातावर थांबायचा. ईल मासा पाटाला खिळ्यानं ठोकून एका ओढीत सोलणारा हात तुम्ही अख्खा बघू शकायचात. अमेरिकी संकलन तुम्हाला तेवढा वेळ देत नाही. आणि परीक्षकांची ती विचित्र पंगत, नटी, राजकारणी, ज्योतिषी, हीसुद्धा गेली. तिची जागा बहुतेक खाद्यसमीक्षकांनी घेतली. त्यांतला जेफ्री स्टाइनगार्टन मात्र असा काही तोंड वाकडं करतो की सगळी भरपाई होते.

गुण कसे देतात?

जपानमध्ये प्रत्येक परीक्षकाकडे २० गुण. अमेरिकेत तीन परीक्षक, प्रत्येकाचे २०: चवीला १०, मांडणीला ५ आणि कल्पकतेला ५. एकूण ६०. चवीला निम्मे गुण आहेत हे लक्षात ठेवा. 'एवढं सुंदर दिसत होतं तरी हरला कसा' याचं उत्तर बहुधा तिथेच असतं.

गुप्त घटक खरंच गुप्त असतो का?

अर्धवट. शेफना संभाव्य घटकांची एक छोटी यादी आधी मिळते, त्यातला नेमका कुठला येणार हे झाकण उघडल्यावरच कळतं. प्रत्येक शक्यतेसाठी बाकीचं सामान मागवून ठेवावं लागतं, त्याशिवाय एवढा बाजार तिथे हजर कसा असेल? अमेरिकी मालिकेत आव्हानवीर कुणाशी लढणार हेही बरंच आधी ठरलेलं असतं. तो बोट दाखवतो ते नाटक.

हे कळल्यावर काहींचा विरस होतो. माझा झाला नाही. चीजांची यादी गवयाला पाठच असते, म्हणून मैफल खोटी ठरत नाही.

आणि एक तास? तो तरी खरा?

तो खरा. घड्याळ सलग चालतं. मात्र तासाभरात शेफ जे वाढतात, ते परीक्षक लगेच खात नाहीत. मध्ये मांडामांड, छायाचित्रण वगैरे होतं, आणि दुसऱ्या शेफचे पदार्थ तर आणखी उशिरा चाखले जातात. आता कुरकुरीत तळलेलं काही असेल तर त्याची अवस्था काय होणार, हे भजी करून पाहुण्यांची वाट बघणाऱ्या कुणालाही माहीत आहे. म्हणून मुरलेले खेळाडू थांबलं तरी न बिघडणारे पदार्थ निवडतात.

बायका आयर्न शेफ झाल्या का?

जपानमध्ये एकही नाही. अमेरिकेत २००५ मध्ये कॅट कोरा पहिली. नंतर पुढचा आयर्न शेफ निवडण्यासाठी 'द नेक्स्ट आयर्न शेफ' अशी वेगळी स्पर्धाच सुरू झाली. २००७ मध्ये मायकल सायमन, २००९ मध्ये होसे गार्सेस, आणि २०१२ मध्ये ॲलेक्स ग्वार्नाशेली अशी काही नावं त्यातून आली.

आपल्याकडचं कुणी त्यात होतं का?

होतं, आणि अगदी उंबरठ्यापर्यंत पोहोचलं होतं. जहांगीर मेहता, मुंबईचा पारशी, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये 'ग्राफिटी' नावाचं चिमुकलं उपाहारगृह चालवणारा. मूळचा गोडाच्या पदार्थांचा माणूस. २००९ च्या 'नेक्स्ट आयर्न शेफ'मध्ये तो अंतिम फेरीत गेला आणि गार्सेसपुढे हरला. २०१२ च्या पर्वात पुन्हा आला होता. मनीत चौहानही २०१० च्या पर्वात होती.

फ्लॉइड कार्डोझचं नाव लोक इथे हमखास घेतात. मुंबईत वाढलेला, गोव्याच्या मुळांचा हा शेफ. पण त्याचा गाजलेला विजय दुसऱ्या स्पर्धेतला आहे: २०११ ची 'टॉप शेफ मास्टर्स'. अंतिम फेरीत त्यानं चक्क उपमा वाढला होता, अळंबी घातलेला. २०२० च्या मार्चमध्ये करोनानं तो गेला.

मोरिमोतोचं मुंबईत काही आहे म्हणतात, ते खरं का?

खरं. कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलात 'वासाबी बाय मोरिमोतो' २००४ मध्ये सुरू झालं, म्हणजे अमेरिकी मालिका सुरू होण्याच्याही आधी. या माणसाचा प्रवास बघा. हिरोशिमात जन्म, बेसबॉल खेळायचं स्वप्न, खांदा दुखावला म्हणून ते सुटलं, मग सुशी शिकला, १९८५ मध्ये अमेरिका गाठली, न्यूयॉर्कच्या 'नोबू' या उपाहारगृहात मुख्य शेफ झाला, तिथून जपानी कार्यक्रमात, तिथून अमेरिकी कार्यक्रमात. रिमेकच्या सगळ्या गोष्टीतला समान धागा तोच. गेटवेसमोर भेळ खात उभे असाल तर त्या धाग्याचं एक टोक तुमच्या पाठीमागच्या इमारतीत आहे. बिल मात्र भेळेच्या हिशेबानं येणार नाही.

व्हाइट हाऊसचा भाग होता तो कोणता?

३ जानेवारी २०१० रोजी दाखवलेला 'सुपर शेफ बॅटल'. मिशेल ओबामांनी व्हाइट हाऊसच्या अंगणात लावलेल्या भाजीपाल्याचा घटक. एका बाजूला फ्ले आणि व्हाइट हाऊसच्या शेफ क्रिस्टेटा कोमरफोर्ड, दुसऱ्या बाजूला बताली आणि एमरिल लगासी. फ्लेची जोडी जिंकली. प्रत्यक्ष स्वयंपाक नंतर न्यूयॉर्कमध्ये झाला आणि तिथे चिरली गेलेली भाजी त्या बागेतली नव्हती, हे नंतर उघड झालं. तिच्या जागी तिची डमी! भाजीलाही.

मास्टरशेफ आणि हे एकच ना?

नाही. मास्टरशेफ मूळचा ब्रिटिश, १९९० चा. त्यात हौशी मंडळी येतात, रडतात, शिकतात, आईची आठवण काढतात, आणि अनेक आठवड्यांनी कुणीतरी जिंकतं. २०१० पासून हिंदीत आपण हेच बघतोय. आयर्न शेफमध्ये कुणी शिकत नाही. दोन पोचलेले लोक येतात, तासभर लढतात, घरी जातात. दुपारच्या वेळी आपल्याकडे पाहुणीला बोलतं करत पदार्थ दाखवणारे 'आम्ही सारे खवय्ये'सारखे कार्यक्रम झाले, त्यांचं कूळ आणखी वेगळं.

शाकाहारी माणसाला झेपेल का?

जपानी भाग जपून बघा. जिवंत ऑक्टोपस, तडफडणारे मासे, सगळं समोर. अमेरिकी त्यामानानं सौम्य. दोन्हींत भाज्यांचे, फळांचे सामने आहेत, आणि खरी कसोटी तिथेच लागते. शेवंडीला चव आणायला काय लागतं?

इतर देशांत झाला का? जपाननं पुन्हा केला का?

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया, कॅनडा, सगळीकडे झाला. ऑस्ट्रेलियात २०१० साली पुतण्या डकॅस्कोसच चेअरमन होता. जपाननं स्वतः ऑक्टोबर २०१२ मध्ये हिरोशी तामाकीला चेअरमन करून नवा अवतार आणला, तो २०१३ च्या मार्चपर्यंत कसाबसा चालला. मुळातल्यांनाच मुळाची नक्कल जमली नाही. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सनं आठ भागांची मालिका केली. आल्टन ब्राउन होताच, जोडीला क्रिस्टन किश. चकाचक आहे. एकदा बघायला हरकत नाही.

सुरुवात कुठून करावी?

मिळाले तर मोरिमोतो आणि फ्लेचे दोन्ही सामने, त्याच क्रमानं. मग चेन केनिची असलेला कुठलाही जपानी भाग. त्यानंतर २००५ चे सुरुवातीचे अमेरिकी भाग. शॅटनरचे दोन भाग शेवटी, आणि तेही कुतूहल असेल तरच.

घरी खेळून बघायचा असेल तर?

जरूर बघा, सोपं आहे. घटक तिसऱ्या माणसाला निवडू द्या, एक तास लावा, आणि तीन पदार्थ पुरेत. लाल भोपळा घेतलात तर भरीत, घारगे आणि बियांची चटणी एवढ्यात सहज होतं. पण खरा किचन स्टेडियमचा घटक म्हणजे कोकणातला फणस. कोवळा असेल तर कुयरीची भाजी, पिकला तर सांदणं, कच्च्या गऱ्यांचे तळलेले काप, आठळ्या उकडून आमटीत, आणि ऊन असेल तर फणसपोळी वाळत. एकाच फळाचे पाच पदार्थ मे महिन्यात कुठल्याही घरात कुणी घड्याळ न लावता करतं. घड्याळ लावलंत तर मात्र आधी हाताला आणि सुरीला खोबरेल तेल चोपडून घ्या, कारण फणस फोडून, चीक पुसून गरे बाहेर काढेपर्यंत तुमची पहिली चाळीस मिनिटं गेलेली असतील.